सातारा ते सातारा : आफ्रिकेच्या गवताळ रानाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांविषयी चार ओळी लिहिल्या, तेव्हा त्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. सातारा शहरात तीस वर्षे भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर दोनदा आफ्रिकेत जाऊन आलो, एवढीच माझी या विषयातील पात्रता आहे. मुक्कामाचे दर काय आणि कोणती प्रवासी कंपनी चांगली, असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण दर प्रत्येक मोसमात बदलतात आणि कंपन्यांची शिफारस करणे हे या सदराचे काम नव्हे. उरलेल्यांतील सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ‘सातारा’ नावाचा मुक्कामतळ आहे असे माझा भाचा सांगतो. घरात कोणीही त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. हे खरे आहे का, आणि असल्यास आपल्या साताऱ्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, सातारा

उत्तर : भाचा खरे सांगतो आहे. क्रूगरच्या मध्यभागात सातारा नावाचा मोठा मुक्कामतळ आहे, ऑर्पन या प्रवेशद्वारापासून तो सुमारे ५० किलोमीटर आत पडतो आणि सिंह पाहायचे असतील तर तिथेच उतरावे, असे क्रूगरला वरचेवर जाणारे लोक एकमेकांना सांगतात. नावाची हकिकत तिथे अशी सांगितली जाते, की हा भाग राखीव होण्यापूर्वी शेतजमिनींसाठी त्याची मोजणी चालली होती, मोजणीदाराच्या हाताखाली एक हिंदुस्थानी माणूस होता आणि नकाशावरील सतराव्या तुकड्यावर त्याने आपल्या भाषेत ‘सतरा’ अशी खूण केली. त्याचे पुढे सातारा झाले. बोलताना उत्तरेकडील लोकही ‘सत्रा’च म्हणतात, त्यामुळे तो माणूस मराठी होता असा हक्क आपल्याला सांगता येणार नाही, जरी सांगण्याचा मोह होत असला तरी. गंमत अशी, की आपल्या साताऱ्याच्या नावाची एक व्युत्पत्तीही हीच आहे. अजिंक्यताऱ्याला सतरा भिंती, सतरा बुरूज आणि सतरा दरवाजे असल्याची समजूत होती व त्यावरून सातारा हे नाव पडले, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेले आहे. सात डोंगरांवरून नाव पडल्याचे सांगणारेही आहेतच.

मला मात्र नावापेक्षा दगडातील साम्य अधिक मोलाचे वाटते. क्रूगरचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे जोडले तरी ते त्यांहून थोडे मोठेच भरेल. या लांबट उद्यानाची पश्चिमेकडील बाजू बहुतांशी ग्रॅनाइटची आणि पूर्वेकडील बाजू बेसॉल्टची, म्हणजे आपल्याच काळ्या कातळाच्या जातीची आहे. तिथला बेसॉल्ट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, एवढाच काय तो वयाचा फरक. ग्रॅनाइट झिजून वाळूसारखी हलकी जमीन होते, तीतील अन्नद्रव्ये पावसाबरोबर वाहून जातात आणि तिच्यावरील गवत पावसाळा संपताच बेचव होते. बेसॉल्टची जमीन चिकण असते, क्षार धरून ठेवते, आणि तिच्यावरील गवत वाळले तरी जनावर ते आवडीने खाते. सातारा हा तळ बेसॉल्टच्या पट्ट्यात आहे. गवत गोड म्हणून झेब्रे, वाइल्डबीस्ट आणि रानम्हशी तिथे जमतात, आणि ते जमतात म्हणून सिंह तिथे राहतात. तळापासून पूर्वेला जाणारा ‘एस-१००’ हा खडीचा रस्ता सिंहांसाठी नावाजलेला आहे. त्या रस्त्याने जाताना लोक झुडपांमागे सिंह शोधत असतात, तेव्हा खाली उघड्या पडलेल्या काळ्या मातीकडे कोणाचे लक्ष नसते, हे शिक्षकाच्या नजरेला खटकल्याशिवाय राहत नाही.

आम्ही मे महिन्यात तिथे होतो. पहाटे वनरक्षकांबरोबर पायी फेरी झाली, सिंह काही दिसला नाही, आणि परत आल्यावर पायरीवर बसून मोज्यांत शिरलेली कुसळे एक एक करून उपटताना माझ्या पत्नीने विचारले, “ही तर यवतेश्वराच्या डोंगरावरची वाटतात, इथे कशी आली?” प्रश्न अगदी बरोबर होता. ज्याला आपण कुसळी म्हणतो तेच गवत, अगदी तीच जात, क्रूगरमध्येही उगवते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. नातू सातवीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा, सून व नातवासह केनियाला जाण्याचा विचार आहे. विषुववृत्तावरचा उन्हाळा आम्हाला सोसेल का? कोणत्या लसी घ्याव्या लागतात?
— एक वाचक दांपत्य, कराड

उत्तर : उन्हाळ्याची चिंता करू नका, पावसाची करा. केनिया आणि टांझानिया येथे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. त्या काळात दर उतरतात, रान हिरवेगार असते आणि गर्दी नसते हे खरे. परंतु गवत उंच वाढलेले असते, पाणी जागोजागी साचल्याने जनावरे विखुरलेली असतात, आणि मसाई मारा या केनियातील राखीव रानातील पुष्कळशी जमीन काळी, कापसाच्या जमिनीसारखी आहे. कराडच्या लोकांना कृष्णाकाठच्या काळ्या रानात भर पावसात गाडी घातल्यावर काय होते ते सांगायला नको. आमच्या दुसऱ्या फेरीत, अवकाळी आलेल्या एका सरीनंतर, आमची गाडी चाकांच्या मधोमध असलेल्या दांड्यापर्यंत रुतली, चालकाने दोर लावून दुसऱ्या गाडीकडून ती ओढून घेतली, आणि सव्वा तास आम्ही खिडकीतून एका टिटवीकडे पाहत बसलो.

मे महिनाच सोयीचा असेल तर दक्षिण आफ्रिकेचा विचार करावा. तो देश दक्षिण गोलार्धात असल्याने मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हिवाळा असतो, गवत खाली बसते, जनावरे पाणवठ्यांवर येतात आणि डासही कमी असतात. केनियाच हवा असेल तर दिवाळीच्या सुट्टीचा पहिला भाग, म्हणजे साधारण ऑक्टोबर, शाळेच्या वेळापत्रकात बसतो; नोव्हेंबरात तिकडे छोटा पाऊस सुरू होतो. मात्र मसाई मारात जुलै ते डिसेंबर या काळातील प्रवेशशुल्क वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या दुप्पट असते, हे हिशेबात धरावे.

विषुववृत्त म्हटले की अंगाची लाही होईल असे वाटते, पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे, म्हणजे पाचगणीपेक्षाही चढ, आणि मसाई माराही सुमारे दीड हजार मीटरच्या वरच आहे. पहाटेच्या फेरीला स्वेटर आणि कानटोपी लागते. आजोबांची मफलर घरी ठेवून जाऊ नये.

लसींत पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सर्वांत महत्त्वाची. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतो, आणि अशा देशातून भारतात परतणाऱ्याजवळ लसीचा दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. म्हणजे अडचण तिकडे जाताना येते त्यापेक्षा आपल्याच मुंबईत उतरल्यावर अधिक येते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही; सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच ती दिली जाते, आपल्याला त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य धरला जातो. आता आपल्यासाठी महत्त्वाचे : साठीच्या पुढील व्यक्तींना, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांना ही लस सरसकट देत नाहीत, म्हणून तिकिटे काढण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, नंतर नव्हे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही तेच ठरवतील. त्या प्रवासाच्या आधी सुरू करून परतल्यानंतरही काही दिवस घ्यायच्या असतात, आणि लोक नेमके परतल्यावर त्या सोडून देतात.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे आणि ती गांभीर्याने पाळली जाते, तेव्हा चपला, औषधे आणि भडंग बांधून घ्यायला कापडी पिशव्या शिवून घ्या. कंदी पेढ्यांचे म्हणाल तर अनेक देश दुधाचे पदार्थ आत आणू देत नाहीत. ते विमानतळाबाहेर पडण्याआधीच संपवलेले बरे.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आणि सहा गाई आहेत. टीव्हीवर लाखो वाइल्डबीस्ट नदी ओलांडताना पाहिले. एवढी जनावरे दर वर्षी कशाला फिरतात? एका जागी चारा-पाणी मिळत नाही का? आणि कोणी म्हणाले की त्यांची संख्या पूर्वी फार कमी होती, ते कसे?
— एक शेतकरी, तासगाव

उत्तर : हा प्रश्न जनावरे सांभाळणाऱ्या माणसालाच सुचतो, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

वाइल्डबीस्ट हे बैलासारख्या तोंडाचे, बोकडासारख्या दाढीचे आणि मागे उतरत्या पाठीचे जनावर आहे. टांझानियातील सेरेंगेटी आणि तिला उत्तरेला लागून असलेले केनियातील मसाई मारा या सलग रानात अशी सुमारे तेरा लाख जनावरे, दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि गॅझेल जातीची लाखो लहान हरणे वर्षभर एक मोठे वर्तुळ फिरत असतात. आपण पुसता की एका जागी चारा-पाणी मिळत नाही का. तर खरोखरच मिळत नाही. जिथे उत्तम चारा आहे तिथे बारमाही पाणी नाही, आणि जिथे पाणी आहे तिथला चारा निकृष्ट आहे.

सेरेंगेटीच्या दक्षिणेला गोरोंगोरोच्या बाजूचे ज्वालामुखी आहेत. त्यांची राख हजारो वर्षे वाऱ्याबरोबर येऊन त्या मैदानावर पसरली, तिचा खाली कठीण थर जमला, त्यामुळे झाडांची मुळे खोल जात नाहीत आणि कोसच्या कोस केवळ बोटभर उंचीचे गवत दिसते. त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतो. व्यालेल्या गाईला आपण क्षार मिश्रण देतो, गोठ्यात चाटण वीट टांगतो, आणि ते न दिल्यास दुधाचा ताप येऊन गाय बसते हे आपल्याला ठाऊक आहे. वाइल्डबीस्टच्या माद्या नेमक्या याच चाटणीसाठी पाऊस पडला की दक्षिणेला येतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास, बहुतेक सर्व जणी दोन-तीन आठवड्यांत, वितात. एवढी वासरे एकाच वेळी जमिनीवर आली, की तरस आणि सिंह कितीही खाऊन खाणार किती? वासरू काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे धावू लागते. हे मी नदुटू तळ्याजवळ पंधरा-वीस पावलांवरून पाहिले आहे : ओले वासरू तीनदा पुढच्या गुडघ्यांवर पडले, चौथ्यांदा उभे राहिले आणि आईऐवजी आमच्या गाडीच्या दिशेने चार पावले आले, तेव्हा चालकाने हळूच गाडी मागे घेतली.

मे महिन्यात ते मैदान वाळते, डबकी आटतात, आणि कळप आधी वायव्येकडे व मग उत्तरेकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या आसपास असतात, कारण तिथे पाऊस जास्त आणि नदी बारमाही. तिकडचे गवत उंच, राठ आणि क्षारांना कमी असते. पोट भरते, पण वासराला दूध पाजण्याइतका कस त्यात नसतो, म्हणून पाऊस फिरला की पुन्हा दक्षिणेला परतायचे. चरण्याचाही एक क्रम असतो. झेब्रा राठ काड्या खातो, त्यामुळे मधली पाने वाइल्डबीस्टला मिळतात, आणि त्यांनी चरून गेल्यावर फुटलेला कोवळा फुटवा लहान हरणे टिपतात. आपल्याकडे एकाच रानात आधी म्हशी आणि मग मेंढ्या घालणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

नदी ओलांडण्याचे दृश्य टीव्हीवर दोन मिनिटांत उरकते. प्रत्यक्षात आम्ही काठावर चार तास बसलो; कळप कडेला आला, पुढच्या जनावराने पाण्याचा वास घेतला, सगळे बिचकून मागे वळले, आणि असे तीनदा झाल्यावर अंधार पडायला लागला म्हणून आम्ही परतलो. मगरींची भीती सर्वांना वाटते, परंतु मगरींपेक्षा बुडून आणि चेंगरून मरणारी जनावरे कितीतरी अधिक असतात : अभ्यासकांच्या मोजणीनुसार मारा नदीत दर वर्षी सरासरी सहा हजारांवर. ती वाया जात नाहीत. मासे, गिधाडे आणि मराबू करकोचे त्यांवर जगतात आणि हाडांतील फॉस्फरस वर्षानुवर्षे पाण्यात झिरपत राहतो.

आता संख्येचा प्रश्न. आपल्या घरातील वृद्धांना बुळकांडी हा शब्द विचारून पाहा. माझे आजोबा हा शब्द आवाज खाली आणून उच्चारत असत, कारण त्यांच्या लहानपणी एका पंधरवड्यात त्यांच्या वाड्यातील गोठा रिकामा झाला होता. हाच रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस गुरांबरोबर आफ्रिकेत शिरला, आणि पुढील काही वर्षांत पूर्व आफ्रिकेतील बहुतेक गुरे, रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट त्याने मारले. मसाई हे गुरांवरच जगणारे लोक. त्यांच्यात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर कित्येक दशके हा रोग रानात धुमसत राहिला आणि वाइल्डबीस्टची वासरे वर्षाची होण्याआधीच मरत राहिली. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटीत ती जेमतेम अडीच लाख होती.

उपाय रानात झालाच नाही, तो गोठ्यात झाला. उद्यानाभोवतीच्या पाळीव गुरांना लस टोचली गेली, आणि १९६३ पर्यंत रानातील जनावरांतूनही रोग नाहीसा झाला. म्हणजे तो तिथे गुरांकडूनच पुन्हा पुन्हा येत होता. १९७७ पर्यंत वाइल्डबीस्ट तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत चरून खाली आणले, त्यामुळे वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यावर बाभळीच्या कुळातील झाडे पुन्हा वाढू लागली. एका गुरांच्या लशीने झाडे वाढवली, असे कोणी वर्गात सांगितले असते तर मीच त्याला खाली बसवले असते.

यात आपलाही धागा आहे. हिंदुस्थानात गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात निघाली व पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. तिच्या मुख्य कामांत बुळकांडीच होती. दुसरीकडे नैरोबीजवळील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट यांनी १९६० च्या सुमारास जी ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरची, लस तयार केली, तीच पुढे भारतातही वापरली गेली. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. आपल्या सहा गाईंना त्याची लस टोचावी लागत नाही, यात त्या मुगुगाच्या प्रयोगशाळेचाही वाटा आहे.

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. मसाई मारात तीन दिवस मिळणार आहेत. ‘बिग फाइव्ह’ पूर्ण करण्यासाठी काय नियोजन करावे? शिवाय चित्त्याची शिकार टिपायची आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सिंह, हत्ती, रानम्हैस, गेंडा आणि बिबट्या हे पाच प्राणी पाहायला सर्वांत सुंदर म्हणून निवडलेले नाहीत. पायी फिरून बंदुकीने मारायला जे सर्वांत अवघड आणि धोक्याचे, त्यांची ही शिकाऱ्यांनी केलेली यादी आहे. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे, पण यादी मात्र प्रवाशांच्या खिशात जशीच्या तशी राहिली. त्या यादीत जिराफ नाही, चित्ता नाही, ठिपकेदार तरस नाही. पहिल्या खेपेला मीही ती यादी घेऊनच गेलो होतो आणि बिबट्यासाठी दीड दिवस एकाच ओढ्याच्या काठाने गाडी फिरवायला लावली. बिबट्या दिसला, म्हणजे त्याची शेपटी दिसली, आणि त्या दीड दिवसात बाकी काय पाहिले ते मला आज आठवत नाही. चूक चालकाची नव्हती, माझी होती.

चित्त्याविषयी थोडे कठोर लिहितो, राग मानू नये. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून तो गाड्यांच्या कचाट्यात सापडतो. गाड्यांनी घेरले की त्याचे सावज बिचकते. मारलेले सावज खायला उशीर झाला की तरस किंवा सिंह येऊन ते हिसकावतात. मसाई मारातील एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पर्यटकांची दाट वर्दळ असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातील जेमतेम ०.२ पिल्ले वाढून मोठी होतात आणि कमी वर्दळीच्या भागात २.३, असे आढळले. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा तिथे नियम आहे. आपल्यापुढे पाच गाड्या असतील तर चालकाला लांब थांबायला आपणच सांगावे, कारण बक्षिसाच्या आशेने आणि आपल्याच घाईमुळे तो बिचारा नियम मोडतो. स्वाहिली या तिथल्या भाषेत ‘पोले पोले’ म्हणजे सावकाश. हे दोन शब्द पाठ करून जा. ‘सफारी’ हा शब्दही स्वाहिलीच आहे आणि आपला ‘सफर’ जिथून आला त्याच अरबी मुळापासून आला आहे. त्याचा अर्थ नुसता प्रवास असा आहे.

तीन दिवसांत चांगली चित्रे मिळवायची तर प्राण्यांची नजर वाचायला शिका. जिराफ चरणे थांबवून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, किंवा इम्पाला जातीच्या हरणांचा कळप माना वळवून एकीकडे पाहत असेल, तर त्या दिशेला सिंह किंवा बिबट्या आहे असे समजावे. गिधाडे घिरट्या घालत असतील तर ती नुसती शोधत आहेत. एकामागोमाग खाली उतरू लागली की काहीतरी मेलेले सापडले आहे. वारुळांवर लक्ष ठेवा, चित्ता टेहळणीसाठी त्यांवर चढून बसतो.

तिपाई गाडीत निरुपयोगी ठरते. जाड कापडाची उशीएवढी पिशवी शिवून रिकामी न्या, तिथे पोचल्यावर दोन-तीन किलो तांदूळ घेऊन ती भरा आणि खिडकीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. चालकाला इंजिन बंद करायला सांगायचे विसरू नका, नाहीतर त्याच्या थरथरीने सगळे चित्र पुसट येते. शेवटच्या दिवशी ते तांदूळ तळावरच्या स्वयंपाक्याला द्यावेत. आतल्या धावपट्टीवर छोट्या विमानाने जाणार असाल तर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते आणि बॅग मऊ लागते, कडक सुटकेस चालत नाही. ड्रोन घरीच ठेवा.

प्रश्न : उघड्या गाडीत बसून सिंहाजवळ जातात. सहा वर्षांच्या मुलीला नेणे सुरक्षित आहे का? आमच्याकडे उसात बिबट्या दिसला तरी आम्ही मुलांना आठवडाभर अंगणात सोडत नाही.
— एक आई, वाळवा

उत्तर : बसलेल्या माणसांसह गाडी ही सिंहाला एकच मोठी, खाण्यास अयोग्य वस्तू वाटते. उभे राहिले, हात बाहेर काढला किंवा खाली उतरले की ती आकृती मोडते आणि धोका सुरू होतो. सहा वर्षांची मुलगी तीन तास गप्प बसेल का, हे आपल्यालाच ठाऊक. पुष्कळ ठिकाणी उघड्या गाडीतून सहा वर्षांखालील मुलांना नेत नाहीत; आधी विचारून घ्यावे. लहान मुलांसाठी बंद खिडक्यांची स्वतःची गाडी घेऊन क्रूगरमध्ये फिरणे मला अधिक योग्य वाटते. तिथे डांबरी रस्ते आहेत आणि मुक्कामतळांना कुंपण आहे, मात्र फाटके ठरलेल्या वेळी बंद होतात आणि उशिरा पोचणाऱ्याला दंड होतो. कुंपणाच्या आत खरा उपद्रव माकडांचा. चिक्कीचे पुडके टेबलावर ठेवून पाठ फिरवू नये. हत्तीने कान पसरून डोके हलवले तर मागे सरकायचे, पुढे काढायचे नाही.

उसातला बिबट्या आणि आफ्रिकेतला बिबट्या एकाच जातीचे आहेत. तिथे सिंह आणि तरस असल्यामुळे तो शिकार झाडावर चढवून ठेवतो. आपल्याकडे त्याला ऊस पुरतो. गाडीत बसून त्याला पाहणे हे अंगणातल्या भेटीपेक्षा निश्चितच सुरक्षित आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आफ्रिकेला जाणे आम्हाला परवडणार नाही. आमच्या माणदेशात नुसते उघडे माळ आहेत, सातबाऱ्यावर त्यांची नोंद पडीक अशी आहे. त्यांना सॅव्हाना म्हणता येईल का? तिथे पाहण्यासारखे काही आहे का?
— एक विद्यार्थी, दहिवडी

उत्तर : नक्कीच म्हणता येईल. गवताचा सलग गालिचा आणि त्यात विखुरलेली, एकमेकांना सावली न देणारी झाडे म्हणजे सॅव्हाना. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटरवरील दहिवडीत पाचशेच्या आगेमागे. क्रूगरमधील साताऱ्यातही तो साधारण तेवढाच पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या, मुरमाच्या पातळ थराखाली बेसॉल्ट असलेल्या जमिनीवर जे उगवायला हवे तेच आपल्या माळांवर उगवले आहे : कुसळी, पवन्या, मारवेल, आणि मध्ये हिवर, बाभूळ, बोर. हे तुटलेले जंगल नाही. पडीक ही महसुलाची भाषा आहे आणि ती वाचूनच दर पावसाळ्यात कोणीतरी उत्साहाने माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावतो, त्याने गवत मरते आणि गवतावर जगणारे सगळेच निघून जाते. माझा या वृक्षारोपणाला स्पष्ट विरोध आहे आणि तो मी संबंधितांना सांगितलेला आहे.

पाहण्यासारखे म्हणाल तर लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोलांच्या अनेक जाती आणि घोरपड ही मंडळी माळाची आहेत. तिकडचा ठिपकेदार तरस कळपाने शिकार करतो आणि त्यांच्यात सत्ता मादीची चालते. आपला पट्टेरी तरस एकटा, रात्री, मेलेल्या जनावरांच्या वासाने फिरतो. लांडग्याची बिळे मेंढपाळांना माहीत असतात, परंतु पिल्ले असताना तिथे जाऊ नये आणि कोणाला नेऊही नये.

दिवाळीनंतर मात्र संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास माळावर जाऊन बस. युरोप आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून खालून खालून तरंगत टोळ आणि उंदीर टिपतात, आणि अंधार पडण्याआधी रात्रीच्या मुक्कामासाठी उंच गवतात जमिनीवरच उतरतात. याच जातींचे भोवत्ये त्याच महिन्यांत सेरेंगेटीच्या मैदानावरही उतरलेले असतात. मी तिथे त्यांना ओळखले ते माणदेशात पाहिले होते म्हणून. सूर्य पाठीशी ठेवून बांधाच्या आडोशाला बसावे, मुक्कामाच्या गवतात पाय घालू नये. सोबत दुर्बीण, पाणी आणि कुसळे काढायला एक जुना कंगवा असू दे.